आधी काम, मग कौतुक: लहान मुलांना आवडत्या माणसाबद्दल लिहायला कसं शिकवायचं

दुसरी ते चौथीच्या मुलाला ‘माझा आदर्श’ हा विषय दिला की वहीत काय उमटणार हे जवळपास ठरलेलं असतं. ‘ते खूप महान होते. ते खूप शूर होते. त्यांनी खूप मोठं काम केलं. मला ते खूप आवडतात.’ वर नाव शिवाजी महाराजांचं घाला, सचिनचं घाला नाहीतर बाबांचं घाला, चारही वाक्यं बसतात. मुलाचं कौतुक खरं असतं, पण ते कागदावर कुठून आणायचं हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं.

पुढची पद्धत ठाणे-नवी मुंबईत सोसायटीच्या हॉलमध्ये, वाचनालयात किंवा घरच्या घरी शनिवार-रविवारचा वर्ग नव्याने सुरू करणाऱ्या ताई-दादांसाठी आहे. शाळेत नुकतेच लागलेले शिक्षक आणि पालक यांनाही ती चालेल. सगळा भर एकाच गोष्टीवर: त्या माणसाने केलेलं, डोळ्यांसमोर आणता येईल असं एक काम मुलाने आधी लिहायचं. कौतुकाचे शब्द त्यानंतर, आणि तेही लागले तरच.

तयारी

मुलं ६ ते १०, बैठका ४, प्रत्येक बैठक ४५ मिनिटांची, आठवड्याला एक. दुसऱ्या बैठकीत प्रत्येक मुलाशी तीन-चार मिनिटं वेगळं बोलावं लागतं, त्यामुळे दहाच्या वर मुलं असतील तर सोबतीला आणखी एक मोठं माणूस घ्या. बैठका सलग दिवशी ठेवू नका. मधल्या आठवड्यात मुलांना घरी विचारून यायचं असतं.

सामान फार लागत नाही. दुरेघी वही (तिसरीपासून एकरेघी चालते), शिसपेन्सिली, पाठकोरे ए-फोर कागद, कात्री, डिंक, श्रीखंडाचा किंवा बिस्किटांचा एक रिकामा डबा. पहिल्या तीन बैठकांत खोडरबर गोळा करून तुमच्याकडे ठेवा. या वयाची मुलं एकेक वेलांटी तीनदा खोडतात, कागदाला भोक पडतं आणि डोक्यातलं वाक्य तोवर निघून जातं. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे जायचं, हा नियम पहिल्या दिवशीच सांगा.

या भागातली बरीच मुलं इंग्रजी माध्यमातली असतात. मराठी बोलतात भराभर, पण लिहिताना जोडाक्षर आलं की पेन्सिल थांबते. अशा मुलाचं वाक्य आधी तोंडी घ्या, अडणारा शब्द फळ्यावर लिहा आणि बाकीचं त्याला लिहू द्या. पहिलीतलं मूल असेल तर त्याने सांगायचं आणि तुम्ही उतरवायचं. उतरवताना सुधारू मात्र नका. ‘आजीने मला पकडून ठेवलं घट्ट’ असं ते म्हणालं तर तसंच लिहा. ‘आजीने मला घट्ट पकडून ठेवलं’ हे तुमचं वाक्य झालं, आणि ‘घट्ट’वरचा त्याचा जोर त्यात गेला.

विषय सांगताना शब्द जपून निवडा. ‘हिरो’ म्हटलं की सिनेमातला नट येतो. ‘आदर्श’ म्हटलं की शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरी येतात. ‘असा माणूस, ज्याचं एखादं काम आपल्यालाही जमावं असं वाटतं’ एवढं लांबलचक सांगितलेलं बरं पडतं.

पहिली बैठक: माणूस निवडणं

वहीच्या पानाचे तीन उभे भाग करायला सांगा: घरातलं, ओळखीचं, लांबचं. प्रत्येक भागात दोन नावं. दहा मिनिटं पुरतात.

घरातल्या भागात आई-बाबा लगेच येतात. दुसरं नाव शोधताना मुलं थांबतात. थांबू द्या, कारण आत्या, मामा, गावचे आजोबा तिथूनच निघतात. ओळखीच्या भागात घंटागाडीवरचे काका, चेंदणी कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी मावशी, सोसायटीचे वॉचमन, शाळेच्या बसमधल्या ताई येतील. लांबच्या भागात शिवाजी महाराज, अब्दुल कलाम, रोहित शर्मा आणि एखादा स्पायडरमॅन.

इथे तुमच्याकडूनही दोन-तीन नावं घाला, शक्यतो आपल्याच बाजूची. आनंदीबाई जोशी १८६५ साली कल्याणला जन्मल्या, म्हणजे ठाण्याहून लोकलने सहज जाता येईल अशा गावात. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २ नोव्हेंबर २०२५ला भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. सायन-पनवेल महामार्गावरून जाणाऱ्या मुलांना ते मैदान बाहेरून तोंडपाठ असतं. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, आणि ते स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. सातारा-कराडकडची मूळ गावं असलेली घरं इथे पुष्कळ आहेत, त्या मुलांना हे नाव घरी नेऊन आजोबांना विचारता येतं.

आता परीक्षा. मुलाने सहापैकी एक नाव निवडायचं, उभं राहायचं आणि त्या माणसाने केलेली एक गोष्ट न बोलता करून दाखवायची. करून दाखवता आली तर नाव पक्कं. ‘देशासाठी खूप केलं’ हे करून दाखवता येत नाही. ओंजळीत पाणी घेऊन चिमणीला पाजणं, गोणी पाठीवर घेणं, बॅट खाली ठेवून मान वर करणं हे येतं. या एका पायरीवर निम्मं काम होतं, म्हणून ती घाईत उरकू नका. लाजरं मूल उठत नसेल तर त्याला बसल्या जागी फक्त हातांनी दाखवू द्या.

ठाण्यात दहीहंडीच्या दिवसांत वर्ग घेतलात तर दोन-तीन मुलं हमखास गोविंदा निवडतात, आणि नेहमी सगळ्यात वरचा. निवडू द्या. फक्त विचारा, ‘खालच्या थरातला दादा तेव्हा काय करत असेल? त्याला हंडी दिसत असेल का?’ खालच्या थरातले गोविंदे एकमेकांच्या खांद्यात हात गुंफून मान खाली घालून उभे असतात. हंडी फुटलेली त्यांना अंगावर पडणाऱ्या पाण्यावरून आणि आरड्याओरड्यावरून कळते. एवढं बोलणं झालं की एखादं मूल आपण होऊन नाव बदलतं. बदललं नाही तरी काही बिघडत नाही.

स्पायडरमॅन, छोटा भीम चालतील का? चालतील, पण पहिल्या खेपेला नको. त्यांचं काम मुलाने पडद्यावर जसं पाहिलं तसंच उतरतं, विचारायला कोणी नसतं. फारच हट्ट असेल तर एक अट: त्याने केलेलं असं काहीतरी सांग, ज्याला जादूची ताकद लागत नाही. यूट्यूबवरच्या गेम खेळणाऱ्या दादांनाही हीच अट लावा.

दुसरी बैठक: बोलणं आणि विचारणं

या बैठकीत कोणीही परिच्छेद लिहीत नाही. मुलांच्या जोड्या लावा. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, मग उलट. तुम्ही एकेका मुलाजवळ जाऊन बसायचं.

‘तुला ते का आवडतात?’ हा प्रश्न सगळ्यात आधी सुचतो आणि सगळ्यात कमी उपयोगी पडतो. सात वर्षांच्या मुलाकडे ‘का’चं उत्तर तयार नसतं, म्हणून ते ऐकलेलं उत्तर देतं: ‘कारण ते खूप चांगले आहेत.’ त्याऐवजी हे प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा:

– शेवटचं कधी पाहिलंस? तेव्हा ते काय करत होते?
– हातात काय होतं?
– काय म्हणाले?
– त्या वेळी बाकीचे लोक काय करत होते?
– तुला ते जमेल का? कुठे अडेल?

चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा. सगळे पळत असताना एकजण थांबला, सगळे गप्प असताना एकजण बोलली, हे मुलाला स्वतःलाच दिसतं आणि ‘शूर’ हा शब्द लिहायची गरज उरत नाही.

हे बोलणं कसं पुढे सरकतं ते पाहा. नवी मुंबईतल्या वर्गात माथाडी कामगाराचं नातवंड असणं अगदी साहजिक. ते म्हणतं, ‘आजोबा खूप मेहनत करायचे.’

कुठे? – मार्केटमध्ये. तुर्भ्याला.
काय उचलायचे? – कांद्याच्या गोणी.
एक गोणी किती किलोची? – माहीत नाही.

इथे थांबा. ‘माहीत नाही’ हे या बैठकीतलं सगळ्यात चांगलं उत्तर, कारण आता मुलाला घरी काहीतरी विचारायचं आहे. वहीत प्रश्नचिन्ह काढून द्या. तुम्ही आकडा सांगू नका. पुढच्या आठवड्यात ते ‘पन्नास’ घेऊन येतं. मग घरचा वजनकाटा आणून त्याचं स्वतःचं वजन करा. शेवटी कागदावर साधारण असं येतं:

‘आजोबा कांद्याच्या गोणी उचलायचे. एक गोणी ५० किलोची. मी २३ किलोचा आहे. म्हणजे माझ्यासारखे दोन आणि वर ४ किलो. आजोबांच्या मानेवरची कातडी कडक आहे. मी हात लावला की ते हसतात.’

‘मेहनत’ हा शब्द यात कुठेच नाही. शिवाय हिशेबही बरोबर आहे, तो तेवढा तपासून घ्या. मुलं घाईत बेरीज चुकवतात.

लांबच्या माणसाला असं विचारता येत नाही. तिथे माहिती गोळा करावी लागते, पण थोडीच. पोस्टकार्डाएवढा एक कागद द्या आणि त्यावर चार ओळी: कधी, कुठे, काय केलं, हे मला कुठून कळलं. चौथी ओळ सोडू देऊ नका. ‘गूगल’ एवढंच लिहिलं असेल तर परत पाठवा. पुस्तकाचं नाव, पाठाचं नाव किंवा ‘आजीने सांगितलं’ चालेल. ठाण्यातल्या मुलांना एकदा मराठी ग्रंथसंग्रहालयात नेऊन आणा. १८९३ सालची संस्था आहे, आणि बालविभागातून स्वतःच्या हाताने चरित्राचं पुस्तक काढलेल्या मुलाची चौथी ओळ आपोआप भरते.

आनंदीबाईंचा कागद असा भरेल: १८८३ साली, १८व्या वर्षी, नवरा किंवा घरचं कोणी बरोबर नसताना बोटीने अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियात शिकल्या. १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांचा तिथला १८८५ सालचा, आणखी दोन देशांच्या दोन विद्यार्थिनींबरोबरचा फोटो मिळतो. तो मोठा छापून आणा आणि काही न सांगता मुलांपुढे ठेवा. ‘ही साडी नेसलीये’ हे तेच म्हणतील. तिथल्या थंडीत साडी, हा धागा त्यांचा त्यांना सापडू द्या. एक तयारी ठेवा: लग्न नवव्या वर्षी झालं, आणि १८८७ साली, बाविसावं पूर्ण होण्याआधीच आनंदीबाई गेल्या, हे मुलं वाचतात आणि विचारतात. ‘तेव्हा मुलींची लग्नं इतक्या लहानपणी लावायचे, आता कायद्याने बंदी आहे’ एवढं सरळ सांगा. विषय टाळलात तर मूल तो भाग गाळून लिहितं आणि बाई उगाच देवी होऊन बसते.

खेळाडूंच्या बाबतीत उलटी अडचण. माहिती भरपूर, पण सगळी धावफलकातली. ‘जेमिमाने १२७ रन केले आणि इंडिया जिंकली’ हे वाक्य खरं आहे. जेमिमा रॉड्रिग्ज, ३० ऑक्टोबर २०२५, नेरूळ, त्याच विश्वचषकाचा उपांत्य सामना, ऑस्ट्रेलियाने दिलेलं ३३९ धावांचं लक्ष्य. पण आकडा म्हणजे काम नव्हे. ‘शंभर झाले तेव्हा तिने काय केलं?’ हे विचारा आणि घरी पुन्हा पाहून यायला सांगा. तिने शतकाचा जल्लोष केला नाही, कारण सामना संपायचा होता. सामना जिंकल्यावर मात्र डोळ्यांतलं पाणी थांबेना. तिसरीतल्या मुलाकडून मग असं येतं: ‘शंभर झाले तरी जेमिमाने उडी मारली नाही. मॅच बाकी होती. जिंकल्यावर ती रडली.’ १२७चा आकडा याच्यानंतर कुठेही बसतो.

ऐकीव गोष्टींचं काय करायचं? हिरकणी रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेली, सावित्रीबाई शाळेत जाताना जादा साडी बरोबर न्यायच्या, या गोष्टी मुलांना आवडतात आणि घ्याव्यातच. फक्त ‘असं सांगतात’ हे दोन शब्द जोडायला शिकवा. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली हे ‘झालं’, साडीचं ‘असं सांगतात’. दोन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करून घेतल्या की आठ वर्षांच्या मुलालाही हा फरक कळतो.

तिसरी बैठक: चित्र, पट्ट्या आणि पहिलं लिखाण

पहिली दहा मिनिटं चित्र. चेहरा काढायचा नाही. तो काढला की मुलं नाक-डोळ्यांतच अडकतात. काम चालू असलेला तो एक क्षण काढायचा आणि चित्रातल्या वस्तूंना बाण काढून नावं द्यायची: गोणी, दोरी, बोट, पाऊस. ही नावं पुढे वाक्यात येतात आणि ‘वस्तू’, ‘गोष्ट’ असले पोकळ शब्द टळतात.

मग एकेका ए-फोर कागदाच्या आडव्या सहा पट्ट्या कापा, प्रत्येक सुमारे ५ सेंटिमीटर रुंद. एका पट्टीवर एकच वाक्य. कोणतं आधी, कोणतं नंतर याचा विचार आत्ता नको. दुसरीच्या मुलाला पाच-सहा वाक्यं पुरेत, तिसरीला आठ-दहा, चौथीला बारा-पंधरा. त्याहून जास्त मागितलंत की पुन्हा ‘खूप महान’ सुरू होतं.

पट्ट्या जमिनीवर मांडायच्या. पंखा बंद करा, नाहीतर पट्ट्यांवर खोडरबर ठेवा. गोळा केलेल्या खोडरबरांचा तेवढा तरी उपयोग. आता जोडीदाराने वाचायचं आणि सांगायचं, कोणती पट्टी वाचल्यावर पुढचं ऐकावंसं वाटतं. ती पहिली. ‘यांचा जन्म अमुक साली अमुक गावी झाला’ ही पट्टी मुलं सवयीने वर ठेवतात. ती फाडू नका, तिसऱ्या-चौथ्या जागी सरकवून पुन्हा वाचायला सांगा. क्रम मनासारखा झाला की डिंकाने चिकटवा आणि मग वहीत उतरवा.

उतरवताना मराठीतली एक खास अडचण येते, तिच्यावर वेळ द्या. माणसाबद्दल लिहायला घेतलं की पहिल्याच क्रियापदापाशी ठरवावं लागतं: आला, की आले? बोलताना मुलं हे सहज करतात, लिहिताना घोळ होतो. ‘महाराज घोड्यावर बसले आणि तो गडावर गेला.’ ‘सावित्रीबाई शाळेत गेले.’ ‘आजोबांनी मला उचललं, मग त्याने गोष्ट सांगितली.’

उपाय असा. लिहिण्याआधी मुलाला विचारा, ‘या माणसाशी समोरासमोर बोललास तर तू म्हणशील की तुम्ही?’ ‘तू’ असेल तर आला, आली, त्याने, तिने. ‘तुम्ही’ असेल तर बाप्यांना आले, बायकांना आल्या, दोघांनाही त्यांनी. उत्तर पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं आणि शेवटपर्यंत पाळायचं. लिहून झालं की सगळ्या क्रियापदांना गोल करायचे आणि फक्त शेवटची अक्षरं वाचत जायचं. एखादं ‘ला’ भलत्या जागी आलं की कानाला खटकतं. ‘आल्या, गेल्या, म्हणाल्या’ इंग्रजी माध्यमातल्या मुलांना सगळ्यात अवघड जातं. ही तीन रूपं फळ्यावर कायम असू द्या.

घरी ‘अरे बाबा’ म्हणणारं मूल ‘माझा बाबा आला’ लिहील. त्याच्या घरची ती रीत आहे, बदलू नका. शाळेच्या पेपरात ‘बाबा आले’ लिहावं लागेल एवढं सांगून ठेवा. तसंच आजी आगरीत, मालवणीत किंवा अहिराणीत बोलत असेल तर तिचं वाक्य अवतरणचिन्हांत जसंच्या तसं येऊ द्या. पुस्तकी मराठीत बदललंत की आजी ओळखूच येत नाही.

डब्याचा खेळ

चिठ्ठ्यांवर शब्द लिहून डब्यात टाका: खूप, महान, थोर, शूर, मेहनती, प्रेमळ, आदर्श, प्रेरणा. पहिल्या लिखाणात हे शब्द बंद. लिखाण संपल्यावर प्रत्येकाला डब्यातला एकच शब्द विकत घेता येतो, आणि त्याची किंमत एक वाक्य: त्या शब्दाच्या आधी तो गुण दाखवणारं काम लिहिलेलं हवं. ‘प्रेमळ’ हवा असेल तर प्रेमाने काय केलं ते आधी दाखव. बरीच मुलं शेवटी म्हणतात, शब्द नको, तसंच बरं आहे. ‘खूप’ मात्र कोणालाही विकू नका.

चौथी बैठक: तपासणं, शेवट, वाचन

खोडरबर परत द्या. तपासताना एका वहीवर जास्तीत जास्त तीन खुणा. पानभर लाल दिसलं की मूल पुढच्या वेळी त्याला येणारे सोपे शब्दच वापरतं, आणि ‘कडक कातडी’च्या जागी पुन्हा ‘खूप मेहनत’ येते. क्रम असा ठेवा: आधी अर्थ लागतो का, मग पूर्णविराम, मग आला-आले. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी, आणि तेही निवडलेल्या माणसाच्या नावापुरतं आणि वारंवार येणाऱ्या दोन शब्दांपुरतं. आवडत्या माणसाचं नाव चुकवायचं नाही, हे मुलांना लगेच पटतं.

पूर्णविराम कुठे द्यायचा हे सांगून कळत नाही. मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि श्वास घेतला की टाळी वाजवा. ‘आणि मग आणि मग’ची लांब साखळी तिथेच तुटते.

शेवटचं वाक्य हा वेगळाच त्रास. ‘मीसुद्धा मोठा होऊन त्यांच्यासारखा होणार’ हे वाक्य जवळपास प्रत्येक वहीत येतं. खोडायला सांगितलंत तर मूल विचारतं, मग संपवू कसं? तेव्हा त्याला सांगा, त्या माणसाला विचारायचा राहिलेला एक प्रश्न लिही. ‘आजोबा, पहिल्या दिवशी गोणी पडली होती का?’ ‘आनंदीबाई, बोटीत तुम्हाला उलटी झाली का?’ प्रश्न सुचला नाही तर शेवटची पट्टी काढून टाका; पुष्कळदा त्याच्या आधीच्या वाक्यावरच लिखाण पुरं झालेलं असतं.

हमखास येणाऱ्या अडचणी

सगळ्यांनी शिवाजी महाराजच निवडले. फेब्रुवारीत, १९ तारखेच्या शिवजयंतीच्या आसपास हे होणारच. नाव बदलायला लावू नका, प्रसंग वाटून द्या. एकाला १६७४चा रायगडावरचा राज्याभिषेक, एकाला आग्र्याहून सुटका, एकाला पन्हाळा. एका मुलाला बाजीप्रभूंकडे वळवता आलं तर तेही बघा.

पालकांनी लिहून दिलं. ओळखायला सोपं: ‘अविस्मरणीय’, ‘मोलाचे योगदान’, ‘खडतर परिश्रम’. मुलाला सगळ्यांसमोर विचारू नका. त्याच्याकडून तेच काम पुन्हा करून दाखवून घ्या आणि नवीन पट्ट्या द्या. पालकांना पहिल्याच दिवशी त्यांचं काम नेमून दिलं, म्हणजे मुलाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि पेन्सिल धरायची नाही, तर हा प्रकार बराच कमी होतो.

घरातलं माणूस गेलेलं आहे किंवा दूर आहे. मूल त्याच्याबद्दल लिहायला निघालं तर लिहू द्या, पण वर्गात वाचायची सक्ती नको. ‘घरातलं’ या रकान्यात ‘आई, बाबा’ असं आधीच छापून देऊ नका, तेही याचसाठी.

एखादं मूल भरधाव बाईक चालवणारा किंवा मारामारी करणारा दादा निवडतं. ओरडून उपयोग नाही. ‘बाकीचे तेव्हा काय करत होते?’ हाच प्रश्न विचारा. रस्त्यावरची म्हातारी घाबरून बाजूला झाली, असं त्याच्याच तोंडून येऊ शकतं. आलं तर तेही वाक्य पट्टीवर घ्यायला लावा.

राजकारणी निवडले तर वर्गात पक्ष येतात, मागोमाग पालक येतात. नियम ठेवा: त्या माणसाने स्वतः केलेलं आणि मुलाला नीट माहीत असलेलं एक काम सांगता आलं तर लिहायचं, फलकावरची आणि भाषणातली वाक्यं घ्यायची नाहीत.

आणि ‘मला कोणीच आवडत नाही’ म्हणणारं मूल. त्याला आवडत्या माणसाचं विचारू नका. ‘काल कोणी तुझं काम सोपं केलं?’ एवढं विचारा. डबा भरणारी, चेन बसवून देणारा, लिफ्टचं दार धरून ठेवणारे, कोणीतरी निघतंच.

लिखाणाचं पुढे काय

वाचन दहा मिनिटांत उरकेल असं ठेवा, प्रत्येकी एक मिनिट. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला बोलवायचं का, हे मुलाला विचारून ठरवा. आजोबा समोर बसले की काही मुलांच्या तोंडून शब्द फुटत नाही. तसं झालं तर कागद आजोबांच्या हातात द्या आणि त्यांना वाचू द्या. चष्मा घरी राहिला असेल, तर तुम्ही वाचा.

कागद सोसायटीच्या फलकावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार असतील तर लावण्याआधी त्यातून पूर्ण नाव, फ्लॅटचा नंबर, शाळेचं नाव आणि ‘बाबा रात्री दोन वाजता कामावरून येतात’ यासारखी वेळापत्रकं काढून घ्या. घंटागाडीवरच्या काकांबद्दल किंवा वॉचमनबद्दल लिहिलेलं असेल तर आधी त्यांना वाचून दाखवा, लावू का म्हणून विचारा, आणि हो म्हणाले तर एक प्रत त्यांना द्या.